पत हेच भांडवल: ह्यूस्टनच्या हाइन्स कंपनीची वाटचाल

उंच इमारतींच्या संरचनेचा अभ्यास ज्यांनी केला आहे, त्यांना फझलुर रहमान खान हे नाव निराळे सांगावे लागत नाही. ढाक्यात वाढलेला, कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या महाविद्यालयात काही काळ शिकलेला आणि पुढे शिकागोत नाव काढलेला हा अभियंता आमच्या व्यवसायात आदरस्थानी आहे. त्याने ह्यूस्टनमध्ये संकल्पित केलेल्या ‘वन शेल प्लाझा’ या इमारतीविषयी वाचताना माझे लक्ष प्रथमच एका वेगळ्या माणसाकडे गेले. संरचना कोणी केली, वास्तुरचना कोणाची, हे पुस्तकांत असते. परंतु पन्नास मजल्यांची ही जोखीम घेतली कोणी, पैसा कोठून आणला आणि एवढ्या जागेला भाडेकरू कोठून मिळवला, हे सहसा कोणी लिहीत नाही. तो माणूस म्हणजे जेराल्ड हाइन्स. त्याने १९५७ मध्ये सुरू केलेली कंपनी आज सुमारे ३० देशांत काम करते, तिच्याकडील मालमत्तांचे मूल्य नव्वद अब्ज डॉलरच्या घरात आहे, आणि तरीही ती शेअर बाजारात नोंदलेली नाही. ती अजूनही घरचीच पेढी आहे.

स्थावर मालमत्तेत मोठे होण्यासाठी मुबलक जमीन किंवा मुबलक पैसा लागतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हाइन्सकडे सुरुवातीला या दोहोंपैकी काहीच नव्हते. ही कंपनी वाढली ती दोन गोष्टींवर: इमारत उभी राहण्याआधी तिचा भाडेकरू पक्का करण्याची शिस्त, आणि दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याची पत. मालकी मात्र तिने कधी बाहेर जाऊ दिली नाही. माझ्या मते तिच्या वाढीचे बळ या मांडणीत आहे, आणि तिच्याविषयी जे प्रश्न विचारायला हवेत तेही याच मांडणीतून निघतात.

जेराल्ड हाइन्स यांचा जन्म १९२५ मध्ये इंडियाना राज्यातील गॅरी या पोलाद कारखान्यांच्या गावात झाला. पर्ड्यू विद्यापीठातून १९४८ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते ह्यूस्टनला आले आणि इमारतींत हवा खेळवणाऱ्या व ती थंड ठेवणाऱ्या यंत्रणांच्या व्यवसायात पडले. ह्यूस्टनचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारा असतो. तिथे वातानुकूलन नसेल तर कार्यालय चालूच शकत नाही. त्यामुळे इमारतीचा रोजचा खर्च नेमका कशावर होतो, वीज कुठे वाया जाते, कोणत्या बाजूची काच भाडेकरूला त्रास देते, हे या माणसाला विकसक होण्याच्या आधीपासून ठाऊक होते. बहुतेक विकसक जमिनीच्या बाजूने या धंद्यात शिरतात. हा यंत्रांच्या खोलीतून वर आला, आणि पुढे उभारलेल्या इमारती आपणच चालवण्याचा कंपनीचा आग्रह याच पार्श्वभूमीतून आला असावा, असे मला वाटते.

सुरुवातीची कामे अगदी साधी होती. रिचमंड अव्हेन्यू या रस्त्यावर लहान कार्यालये आणि गोदामे त्यांनी एकामागून एक बांधली. ह्यूस्टनमध्ये जमीनवापराचे विभाग ठरवून देणारा झोनिंगचा कायदा नाही; घराशेजारी कार्यालय आणि कार्यालयाशेजारी गोदाम तेथे उभे राहू शकते. अशा शहरात कोणीही काहीही बांधू शकतो, म्हणून नुसती जमीन हाती असण्याला फारसे मोल उरत नाही. भाडेकरूला आपल्याचकडे का यावेसे वाटावे, याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागते. पुढे जी सवय कंपनीला जगभर कामी आली, ती या मोकळ्या शहरात लागली.

मोठी उडी आली ती वन शेल प्लाझाच्या रूपाने. शेल ऑइल कंपनीने आपले अमेरिकेतील मुख्यालय न्यूयॉर्कहून ह्यूस्टनला हलवायचे ठरवले होते, आणि तोवर लहान इमारतींतच वावरलेल्या हाइन्सने तिला आपल्या नियोजित मनोऱ्यात भाडेकरू म्हणून आणले. येथे पैशाची गणिते थोडी उलगडून सांगितली पाहिजेत. त्या काळी अमेरिकेत बांधकामापुरते कर्ज बँक देत असे. इमारत भरली की एखादी विमा कंपनी दीर्घ मुदतीचे तारणकर्ज देऊन बँकेचे कर्ज फेडून टाकत असे. विमा कंपनी हे वचन आधीच लिहून देई, परंतु ते देताना ती विकसकाच्या ऐपतीपेक्षा भाडेकरूचा करार पाहत असे. शेलसारख्या कंपनीची दीर्घ मुदतीची सही हातात आली की विकसकाची स्वतःची ऐपत जवळजवळ गौण ठरे. हाइन्सने शेलची पत उसनी घेतली आणि तिच्यावर कर्ज उभे केले, असे म्हटले तरी चालेल.

या इमारतीचे तांत्रिक अंगही पाहण्याजोगे आहे, कारण तेथे अभियांत्रिकी आणि धंदा यांची सांगड किती घट्ट होती ते दिसते. ह्यूस्टनची जमीन चिकणमातीची. खडकाचा आधार हाताशी नाही. नेहमीच्या काँक्रीटमध्ये कातर-भिंतींची, म्हणजे वाऱ्याचा आडवा जोर पेलणाऱ्या भिंतींची, इमारत केली, तर साधारण पस्तीस मजल्यांपर्यंतच ती परवडते असा हिशेब होता. खान यांनी दोन गोष्टी केल्या. बाहेरच्या बाजूला जवळजवळ, म्हणजे सहा-सहा फुटांवर, स्तंभ घेऊन सगळी बाह्य भिंतच एक कडक नळी केली आणि आत उद्वाहनांच्या (लिफ्टच्या) गाभ्याची दुसरी नळी ठेवली. शिवाय घनफुटाला सुमारे ११५ पौंड वजनाचे हलके काँक्रीट वापरले, जे नेहमीच्या काँक्रीटहून जवळपास एक-चतुर्थांशाने हलके असते. परिणामी पस्तीस मजल्यांच्या इमारतीला दर चौरस फुटाला जो खर्च आला असता, त्याच दराने पन्नासच्या वर मजल्यांची संरचना बसली. उंची ७१५ फूट. इमारत १९७१ मध्ये पूर्ण झाली.

या इमारतीच्या दर्शनी भागाकडे नीट पाहिले, तर ठरावीक ठिकाणी भिंत बाहेरच्या अंगाला लाटेसारखी फुगलेली दिसते. प्रथमदर्शनी ही वास्तुविशारदाची हौस वाटते. प्रत्यक्षात आतल्या गाभ्याच्या कोपऱ्यांपाशी स्लॅबचा भार दोन दिशांनी वाटला जातो आणि समोरच्या ठरावीक बाह्य स्तंभांवर तो जास्त येतो. म्हणून तेवढे स्तंभ अधिक खोलीचे केले आणि ती खोली लपवण्याऐवजी बाहेर दाखवली. भाराचा आलेखच दर्शनी भिंतीवर उमटला आहे. बाहेरून चिकटवलेल्या नक्षीवर जो पैसा गेला असता तो न खर्चता इमारतीला ओळख मिळाली, आणि मालकाला हे पटले, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या व्यवसायात बहुतेक वेळा मालक स्तंभ लहान करा म्हणून मागे लागतो.

त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७० मध्ये, शहराच्या मध्यभागापासून दूर पश्चिमेला ‘गॅलेरिया’ हे व्यापारी संकुल सुरू झाले. मिलानमधील व्हित्तोरिओ एमानुएले गॅलेरियाच्या काचेच्या छतावरून त्याची कल्पना घेतली होती, आणि दुकानांच्या मधोमध, तळमजल्यावर, बर्फावर घसरण्याचा रिंक होता. दमट उकाड्याच्या शहरात बारमाही बर्फ! दुकाने, कार्यालये आणि हॉटेल एकमेकांना जोडून ठेवण्याचा हा प्रयोग तेव्हा नवा होता. लोक रिंक पाहायला येत आणि दुकानांत फिरत. आज कोणत्याही मॉलमध्ये हाच हिशेब चालतो.

पुढची पायरी म्हणजे नामांकित वास्तुविशारद. पेन्झॉइल या तेल कंपनीचे प्रमुख ह्यू लिड्के यांना सिगारच्या खोक्यासारखी सपाट इमारत नको होती. शिवाय पेन्झॉइल आणि झपाटा या दोन कंपन्या एकाच जागेत येणार होत्या आणि प्रत्येकीला आपली ओळख हवी होती. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांनी समलंब आकाराचे, छत तिरपे कापलेले ३६ मजल्यांचे दोन काळे मनोरे दिले आणि त्या दोहोंमध्ये अवघ्या दहा फुटांची फट ठेवली. खालून चालताना ती फट उघडझाप करते, असे पाहणारे सांगतात. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पूर्ण झालेल्या ‘पेन्झॉइल प्लेस’ने हाइन्सचे नाव टेक्सासबाहेर पोचवले. त्यानंतर आय. एम. पेई यांचा ७५ मजली टेक्सास कॉमर्स टॉवर १९८२ मध्ये आला आणि पुन्हा जॉन्सन-बर्गी यांचा ६४ मजली ट्रान्स्को टॉवर १९८३ मध्ये. ट्रान्स्कोच्या पायथ्याशी मजल्याला एक फूट या हिशेबाने ६४ फूट उंच अर्धवर्तुळाकार जलभिंत आहे, जिच्यावरून मिनिटाला सुमारे ११ हजार गॅलन पाणी कोसळते. तिच्यातून भाड्याचा एक पैसाही येत नाही. आसपासच्या जागेचे भाडे मात्र तिच्यामुळे चढते.

चांगली वास्तुरचना ही हौस नसून व्यवसायाचे साधन आहे, हे हाइन्सचे सूत्र मला निम्मे पटते. तेजीत वाईट इमारतही भरते, म्हणून तेव्हा फरक कळत नाही. मंदीत भाडेकरूला निवड करायची संधी मिळते तेव्हा तो त्याच भाड्यात अधिक चांगल्या इमारतीत सरकतो. येथवर ठीक. परंतु मूळ भाडेकरू शेल किंवा पेन्झॉइलसारखा नसता, तर जॉन्सन यांची चित्रे कागदावरच राहिली असती. हा क्रम अनेक विकसक उलटा वाचतात: आधी देखणे चित्र, मग जाहिरात, मग भाडेकरूची वाट.

मंदीची परीक्षा फार लांब नव्हती. १९८६ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला दहा-अकरा डॉलरपर्यंत घसरला आणि ह्यूस्टन अक्षरशः बसले. टेक्सासच्या दहा सर्वांत मोठ्या बँकांपैकी नऊ बुडाल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या पदरात पडल्या. काचेचे नवे कोरे मनोरे पूर्ण रिकामे उभे होते. एका बाजूने पाहिले की पलीकडचे आभाळ दिसे. अशा वेळी नोंदणीकृत कंपनीवर दर तिमाहीला आकडे दाखवण्याचे दडपण असते आणि शेअरचा भाव पडला की घाईघाईने मालमत्ता विकाव्या लागतात. हाइन्सवर ते दडपण नव्हते. तिचे भाडेपट्टे दीर्घ मुदतीचे होते, आणि तोवर ती सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कसारख्या इतर शहरांतही पोचली होती. तरीही ज्या शहरावर कंपनी वाढली तेच आजारी पडल्यावर काय होते, हा धडा तिने पुरता घेतला. १९९० मध्ये जेराल्ड यांचे पुत्र जेफ्री हाइन्स अध्यक्ष झाले, आणि त्याच सुमारास संपूर्ण अमेरिकेतील कार्यालयीन बाजार कोसळला. घरी काम नाही म्हटल्यावर कंपनी परदेशी निघाली.

काळ योग्य होता. बर्लिनची भिंत पडली होती, मॉस्कोत परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, आणि त्यांना आपल्या सवयीची कार्यालये व घरे तेथे मिळत नव्हती. एखादी अमेरिकी कंपनी नव्या देशात जाते तेव्हा तिला ओळखीचा घरमालक हवा असतो. हाइन्सने आपले जुने भाडेकरूच पुढे घालून नव्या शहरांत पाय रोवले. मॉस्कोत परदेशी कुटुंबांसाठी ‘पोक्रोव्स्की हिल्स’ ही घरांची वसाहत झाली. मेक्सिको सिटी, बीजिंग येथे कामे सुरू झाली. वयाची सत्तरी आलेले जेराल्ड हाइन्स स्वतः लंडनला राहायला गेले. वारसाला घरचा कारभार देऊन म्हाताऱ्याने परदेशातली नवी शाखा उघडायची, हा प्रकार आपल्याकडच्या व्यापारी घराण्यांत क्वचितच दिसतो; आपल्याकडे बहुधा मुलगा दुबईला जातो आणि वडील गल्ल्यावर बसतात.

बर्लिनमधील परीझर प्लात्झवरची इमारत या काळाचे चांगले उदाहरण आहे. ब्रांडेनबुर्ग दरवाजाला लागून असलेल्या या चौकात शहराचे नियम कडक होते. दर्शनी भाग दगडी, शांत आणि शेजाऱ्यांशी जुळता असला पाहिजे. फ्रँक गेरी यांच्यासारख्या मनस्वी वास्तुविशारदाने बाहेरून सरळसाधी दगडी भिंत दिली आणि सगळे बंड आत केले: मधल्या चौकात घोड्याच्या डोक्याच्या आकाराचे धातूने मढवलेले सभागृह. एका जर्मन बँकेच्या सोबतीने हे काम झाले. स्थानिक भागीदार, स्थानिक नियम आणि बाहेरून आणलेले कौशल्य हीच रीत पुढे बार्सिलोनात दिसते. तेथे समुद्राकाठची जुनी औद्योगिक जमीन घेऊन ‘दियागोनाल मार’ हा नवा भाग वसवला गेला. त्यातील सुमारे १४ हेक्टरांचे उद्यान एन्रिक मिरालेस आणि बेनेदेत्ता ताल्याब्वे यांचे आहे.

मिलानची गोष्ट त्याहून मोठी आहे. गारिबाल्दी स्थानकाजवळचा, जुन्या रेल्वेच्या वापरातून सुटलेला भाग कित्येक दशके ओसाड पडला होता. योजना येत आणि विरून जात. हाइन्सच्या इटलीतील शाखेने वेगवेगळ्या मालकांच्या जमिनी आणि परवानग्या एकत्र आणून ‘पोर्ता नुओव्हा’ हा प्रकल्प उभा केला. सीझर पेल्ली यांचा, शिखरासह २३१ मीटर उंचीचा युनिक्रेडिट मनोरा आणि स्तेफानो बोएरी यांचे झाडांनी भरलेले ‘बोस्को व्हर्टिकाले’ हे जुळे निवासी मनोरे तेथलेच. ज्या शहराच्या काचेच्या छताची प्रतिकृती ह्यूस्टनने केली होती, त्याच शहरात ह्यूस्टनची कंपनी पंचेचाळीस वर्षांनी नवे शहरकेंद्र बांधून बसली. आणि बांधून झाल्यावर ते तिचे राहिले नाही. कतारच्या सार्वभौम निधीने, म्हणजे त्या देशाच्या सरकारी गुंतवणूक निधीने, २०१३ मध्ये ४० टक्के वाटा घेतला आणि २०१५ मध्ये संपूर्ण प्रकल्पच विकत घेतला.

येथे सामान्य वाचकाला प्रश्न पडतो, की एवढे सगळे बांधायचे आणि विकून टाकायचे, तर कंपनीला मिळते काय? याचे उत्तर या व्यवसायाच्या अंतरंगात आहे. हाइन्ससारखी कंपनी प्रकल्पात स्वतःचा पैसा थोडाच घालते. मोठा वाटा निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी आणि सार्वभौम निधी यांचा असतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘कॅलपर्स’ या निवृत्तिवेतन निधीने १९९८ मध्ये हाइन्सबरोबर कार्यालयीन इमारती घेण्यासाठी स्वतंत्र भागीदारी केली, आणि तेव्हापासून कंपनी विकसकाबरोबरच गुंतवणूक व्यवस्थापकही झाली.

एक कल्पित हिशेब मांडतो. समजा इमारतीला १०० कोटी लागतात. ६० कोटी कर्ज, ४० कोटी भागभांडवल. त्यात ३८ कोटी निधीचे, २ कोटी कंपनीचे. पाच वर्षांनी इमारत १४० कोटींना विकली गेली. व्याज आणि भाडे एकमेकांत वळते झाले असे धरू. कर्ज फेडून ८० कोटी उरतात. पैकी ४० मुद्दल, ४० नफा. करारानुसार आधी सर्वांना वर्षाला ८ टक्क्यांप्रमाणे साधा परतावा, म्हणजे १६ कोटी, आपापल्या वाट्याने मिळतो. उरलेल्या २४ कोटींतून २० टक्के, म्हणजे ४ कोटी ८० लाख, कंपनीला कर्तबगारीचा जादा वाटा म्हणून मिळतात. या धंद्यात त्याला ‘प्रमोट’ म्हणतात. बाकीची रक्कम पुन्हा भांडवलाच्या प्रमाणात वाटली जाते. बेरीज केली तर निधीचे ३८ कोटी सुमारे ७१ कोटी होतात, पण कंपनीचे २ कोटी साडेआठ कोटींवर जातात. विकासाचे, व्यवस्थापनाचे आणि भाडेकरू आणण्याचे शुल्क वेगळे. आता उलटी बाजू: इमारत ७० कोटींनाच विकली गेली, तर कर्ज फेडून १० कोटी उरतात, निधी साडेअठ्ठावीस कोटींनी बुडतो, कंपनी दीड कोटीने. आणि शुल्क तर ती आधीच घेऊन बसलेली असते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील सेल्सफोर्स टॉवरची जागा मिळवण्याची स्पर्धा हाइन्सने पेल्ली यांच्यासोबत २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरच्या बोलीवर जिंकली. लगेच मंदी आली. पाच-सहा वर्षांच्या घासाघिशीनंतर २०१३ मध्ये जमिनीचा व्यवहार झाला तो सुमारे १९ कोटी डॉलरना. तोवर बोस्टन प्रॉपर्टीज ही नोंदणीकृत कंपनी भागीदार म्हणून आत आली होती आणि तिने वाढवत वाढवत आपला वाटा ९५ टक्क्यांवर नेला. हाइन्सकडे राहिले ५ टक्के. पुढे २०१४ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने ७ लाख १४ हजार चौरस फुटांचा, म्हणजे साधारण निम्म्या इमारतीचा, साडेपंधरा वर्षांचा करार सुमारे ५६ कोटी डॉलरना केला. ६१ मजल्यांचा हा १,०७० फुटी मनोरा २०१८ मध्ये पूर्ण झाला. खर्च सुमारे ११० कोटी डॉलर. आणि २०१९ मध्ये बोस्टन प्रॉपर्टीजने हाइन्सचा ५ टक्के वाटा प्रमोटसह विकत घेतला, तो सुमारे १८ कोटी ७० लाख डॉलरना. खर्चाच्या पाच टक्के धरले तर साडेपाच कोटी होतात. वरचे सारे मोल जागा हेरण्याचे, दराची घासाघीस करण्याचे आणि सहा वर्षे हातातून न सोडण्याचे आहे. ते मोल अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो मनोरा उभा राहिला आणि भरला. परंतु त्यात पैशाची जोखीम कोणी घेतली आणि फळ कोणाला किती मिळाले, हे एकत्र ठेवून पाहिले पाहिजे.

मोठे निधी हे करार डोळे उघडे ठेवून करतात. त्यांच्याकडे वकील आणि लेखापरीक्षक असतात. किरकोळ गुंतवणूकदाराची गोष्ट वेगळी. २००४ पासून हाइन्सने दलालांमार्फत सामान्य अमेरिकी गुंतवणूकदारांना एका बाजारबाह्य रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारतींत सामूहिक गुंतवणूक करणाऱ्या साधनाचे, शेअर १० डॉलरच्या आसपास विकले. बाजारात नोंद नसल्याने ते विकायचे तर कंपनीनेच परत घ्यायला हवे, आणि २००९ च्या मंदीत तिने सर्वसाधारण परतखरेदी थांबवली. २०११ मध्ये जाहीर झालेले मूल्य आठ डॉलरच्या खाली होते, आणि काही वर्षांनी ते साधन गुंडाळले गेले. यात फसवणूक नव्हती; अटी कागदावर होत्या. परंतु खासगी राहिल्याने कंपनीला मिळणारा निवांतपणा तिच्या लहान गुंतवणूकदाराला मिळत नाही. कंपनी दहा वर्षे थांबू शकते. निवृत्त शिक्षकाला मुलीच्या लग्नासाठी पुढच्या महिन्यात पैसे हवे असतात. या प्रकरणाबाबत माझे मत कंपनीच्या कौतुकाकडे झुकणारे नाही.

भारतात परदेशी पैशाला बांधकाम क्षेत्राचे दार २००५ मध्ये उघडले, किमान क्षेत्रफळाच्या आणि तीन वर्षे पैसा न काढण्याच्या अटींसह. हाइन्स त्यानंतर लगेच आली. तिची ठळक खूण म्हणजे गुरुग्राममधील गोल्फ कोर्स रोडवरचे ‘वन होरायझन सेंटर’. डीएलएफ या भारतीय विकसक कंपनीबरोबरच्या भागीदारीत हाइन्सचा वाटा ५२ टक्के होता, आणि २०२१ मध्ये डीएलएफच्या भाडेउत्पन्न सांभाळणाऱ्या कंपनीने तो सुमारे ७८० कोटी रुपयांना घेतला. घेणाऱ्या कंपनीत सिंगापूरच्या जीआयसी या सार्वभौम निधीचा जवळपास एक-तृतीयांश वाटा आहे. म्हणजे विकणाऱ्यामागेही परका पैसा आणि घेणाऱ्यामागेही परका पैसा, इमारत मात्र आपली.

आपल्या घरबांधणीत आजवर विकसकाचे भांडवल प्रामुख्याने फ्लॅट घेणाऱ्याच्या हप्त्यांतून आले. ‘रेरा’ या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने २०१७ पासून त्यातील ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले, ते उगाच नाही. ग्राहकाचे हप्ते हे बिनव्याजी, बिनवाट्याचे भांडवल असते. त्याला प्रमोट द्यावा लागत नाही आणि त्याच्याकडे वकीलही नसतो. हाइन्सचा निधी असा मुका नसतो. तो दर तिमाहीला अहवाल मागतो, विश्वास उडाला तर पुढच्या फंडात एक डॉलरही घालत नाही. खासगी कंपनीला शेअर बाजाराचा धाक नसला तरी हा धाक पुरेसा असतो.

आणखी एक फरक मला माझ्या टेबलावर दिसतो. कार्यालयीन इमारतीचा आराखडा हाती येतो तेव्हा मी विचारतो, की भाडेकरू ठरला आहे का. ठरला असेल तर स्तंभांचे अंतर, मजल्याची उंची, जनरेटरचा भार, सर्व्हर रूमसाठी जास्तीची भारक्षमता हे सगळे पहिल्याच बैठकीत पक्के होते. ठरला नसेल तर स्तंभांचे ८.४ मीटरचे ठोकळेबाज जाळे घेऊन, खाली गाड्या बसतील एवढेच पाहून काम सुरू होते, आणि सातवा स्लॅब पडल्यावर ‘क्लायंटला डबल हाइट लॉबी हवी आहे’ असा फोन येतो. मग तुळया कापायच्या, स्तंभांना जॅकेटिंग, म्हणजे काँक्रीटचे जादा आवरण, करायचे. त्या खर्चात एखादा चांगला वास्तुविशारद सुरुवातीलाच मिळाला असता.

करोनानंतर कार्यालयांची मागणीच डळमळीत झाली आणि हाइन्सचा मूळ धंदा अडचणीत आला. कंपनी आता भाड्याची घरे, गोदामे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांकडे अधिक वळली आहे. मिनियापोलिसमध्ये २०१६ साली तिने ‘टी-थ्री’ ही सात मजली लाकडी कार्यालयीन इमारत उभारली होती आणि तसे प्रकल्प इतर शहरांतही केले. हलक्या काँक्रीटवर नाव कमावलेल्या कंपनीला लाकडाकडे जाताना संकोच वाटला नाही. जेराल्ड हाइन्स ऑगस्ट २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यांची नात लॉरा हाइन्स-पिअर्स २०२२ मध्ये वडील जेफ्री यांच्याबरोबर सहमुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. ३० देशांतील पैसा परक्यांचा, भाडेकरू परके, बहुतेक इमारती कालांतराने परक्यांच्या. मात्र तिसऱ्या पिढीतही कंपनीचा भाग विकायला काढल्याची बातमी नाही.